मोळी पडायच्या आधी

पहाटे ५.१५

कोल्हापुरातून बाहेर पडायच्या आधी पिशवी उघडून एकच गोष्ट बघतो : निळी केबल आहे का. क्रिंपिंग टूल, कनेक्टर, टेस्टर यांतलं काही घरी राहिलं तर तालुक्याच्या गावी कुठल्याही सीसीटीव्हीवाल्याकडून मागून आणता येतं. कन्सोलची केबल मागून मिळत नाही. चपटी, निळ्या रंगाची, एका टोकाला आरजे-४५ आणि दुसऱ्याला जुना नऊ पिनांचा सिरीयल जोड. हल्लीच्या लॅपटॉपला ते भोकच नसतं, म्हणून मध्ये यूएसबीचं कन्व्हर्टर. अशा दोन केबल मी बाळगतो. बायको म्हणते, तू चष्मा विसरशील पण ही वायर नाही विसरणार. खरं आहे, आणि त्यामागं एक रात्र आहे.

चार हंगामांपूर्वीची गोष्ट. आज जातोय तो नव्हे, दुसराच एक साखर कारखाना. रात्री साडेअकराला मी घरूनच त्यांच्या स्विचमध्ये शिरलो होतो. वजनकाट्याकडे जाणाऱ्या ट्रंकवर, म्हणजे दोन स्विचमधल्या तारेवर, एक नवीन व्हीलॅन सोडायचा होता, चाळीस नंबरचा. व्हीलॅन म्हणजे त्याच तारांवर नंबर देऊन वेगळं काढलेलं नेटवर्क. कमांड आहे ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ४०’. मी ‘ॲड’ लिहायला विसरलो. त्या एका शब्दावाचून अर्थ असा होतो की इथून पुढं फक्त चाळीस जाऊ दे, बाकीचे सगळे बंद. स्विचनं माझं ऐकलं. एंटर मारला आणि स्क्रीन थिजली, कारण मी ज्या वाटेनं आत बसलो होतो ती वाटही ‘बाकीच्यां’मध्येच होती. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती अशी.

बदल सेव्ह केलेला नव्हता. कुणी स्विचचा प्लग काढून परत लावला असता तरी जुनं सगळं जागेवर आलं असतं. पण रॅकला कुलूप होतं, प्लगही कुलपाच्या आत होता आणि किल्लीवाला बहिणीच्या लग्नाला गेला होता. मी साठ किलोमीटर गाडी मारत पोचलो तेव्हा काट्यापुढं ट्रॅक्टरांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. कुलूप तोडलं. त्या रांगेतून चालत जाताना जे ऐकलं ते इथं लिहिता येणार नाही.

सकाळी ७.००

गेटवर टाइम ऑफिसच्या वहीत नाव, गाडी नंबर, लॅपटॉपचा नंबर. यार्ड अजून रिकामं आहे. बॉयलरचं अग्निप्रदीपन दसऱ्याला झालं, गव्हाणीत मोळी पडायला चार दिवस आहेत. कडेच्या माळावर बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांनी कोप्या घालायला सुरुवात केलीय. एकदा मोळी पडली की हा कारखाना चार-पाच महिने रात्रंदिवस चालतो. मग स्विचला हात लावायचा म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलायचं. त्यामुळं आजचा दिवस मी भांडून मागून घेतलाय.

ईडीपी साहेब चहा घेऊनच उभे. कॉम्प्युटर विभागाला साखर कारखान्यात अजून ईडीपीच म्हणतात. इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग हे नाव बाहेरच्या जगानं केव्हाच टाकून दिलं, इथं ते हुद्द्यात टिकून आहे. त्यांचं दुखणं साधं आहे. सगळा कारखाना एकाच नेटवर्कमध्ये : शेती विभाग, अकाउंट, काटा, गोडाऊन, थंबचं मशीन, कॅमेरे, गेस्ट हाऊसचं वायफाय. पत्ते १९२.१६८.१ पासून सुरू होणारे, म्हणजे एकूण २५४. गेल्या वर्षी कॅमेरे ९६ झाले. आता कुणीतरी नवीन प्रिंटर लावतो, सापडेल तो पत्ता देतो आणि तोच पत्ता काट्याच्या मशीनचा निघतो. काटा बंद.

“मागच्या हंगामात तीनदा झालं,” साहेब म्हणाले. “शेवटच्या वेळी तर गेस्ट हाऊसवर उतरलेल्या पाहुण्याच्या फोनमुळं.”

मी पहिला प्रश्न विचारला तो किल्ल्यांचा. अकरा रॅक, किल्ल्या सात. चार रॅकांना कुलूप नसून तार गुंडाळलेली.

७.४५

काट्याकडचा रॅक उघडला तर आत बगॅसचा थर. गिरणीतून उडणारा हा भुसा इतका हलका की पंख्यानं तो आपणहून आत ओढून घेतलेला. स्विचच्या पंख्याच्या जाळीवर गोधडी तयार झालेली आणि खालच्या कप्प्यात पालीची अंडी. ब्लोअर मारला. मॅन्युअलमध्ये पालीच्या अंड्यांबद्दल काही नसतं.

दोन स्विचचे पासवर्ड कुणालाच माहीत नाहीत. ज्यानं बसवले तो धंदा सोडून गेला, फोन लागत नाही. अशा वेळी निळी केबल कामाला येते. कन्सोलला जोडायची, पुट्टी नावाचा प्रोग्राम उघडायचा, वेग ९६००, मग स्विचची वीज काढायची, पुढच्या बाजूचं मोड बटण दाबून धरायचं आणि वीज परत द्यायची. स्विच अर्धवट जागा होतो, पासवर्ड विचारायच्या आधीच्या अवस्थेत. तिथं ‘कॉन्फिग.टेक्स्ट’ या फाइलचं नाव बदलून ‘कॉन्फिग.ओल्ड’ करायचं आणि त्याला पुढं जाऊ द्यायचं. आपली फाइल सापडत नाही म्हटल्यावर तो नव्या नवरीसारखा गप्प, काहीच ठाऊक नसलेला उठतो. आत शिरायचं, फाइलला जुनं नाव परत द्यायचं, ती वाचायला लावायची आणि पासवर्ड तेवढा नवा टाकायचा. वीस मिनिटांचं काम.

यातली शिकवण दुकानदार सांगत नाहीत : ज्याचा हात स्विचच्या बटणापर्यंत पोचतो त्याला पासवर्ड अडवत नाही. तार गुंडाळलेल्या चार रॅकांकडं मी साहेबांना घेऊन गेलो आणि हे दाखवलं. त्यांनी तिथूनच स्टोअरला फोन लावून चार कुलपं मागवली.

जागा झालेल्या स्विचनं आजची तारीख सांगितली : १ मार्च १९९३. सिस्कोच्या जुन्या कॅटॅलिस्ट स्विचांना घड्याळाची बॅटरी नाही. वीज गेली की ते दरवेळी त्याच दिवशी उठतात. या तारखेकडं दुपारी परत यायचंय.

९.१५

दोन तास फक्त बघायचं, लिहायचं. अकराही स्विचची आहे ती सेटिंग लॅपटॉपवर उतरवून घेतली. मग कुठल्या पोर्टवर कोण बसलंय हे शोधणं. स्विचला विचारलं की तो मॅक पत्त्यांचा तक्ता दाखवतो, पण ‘हा पत्ता म्हणजे शेती ऑफिसचा दुसरा टेबल’ हे त्याला माहीत नसतं. ते पायानं शोधावं लागतं. ईडीपीतला सहायक पोरगा, यंदाच लागलेला, तो टेबलाखाली वाकून केबल उपसायचा आणि मी इकडं दिवा विझताना बघायचो. “विझला?” “विझला.” “लाव परत.” एका टेबलाखाली पाच पोर्टांचा स्वस्तातला डबा निघाला, त्यावर तीन मशीनं. दुसऱ्या टेबलाखाली तसलाच डबा आणि त्याची केबल पुन्हा त्याच डब्यात खोचलेली. लोंबणारं टोक बरं दिसत नाही म्हणून झाडणाऱ्या मावशींनी ती नीट लावून ठेवली होती.

असं वेटोळं झालं की त्यात शिरलेला संदेश फिरतच राहतो, वाढत राहतो आणि नेटवर्क गुदमरतं. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली काढला. स्विच एकमेकांना थोड्या थोड्या वेळानं हाळी देतात आणि आपलीच हाळी फिरून आपल्याकडं आली तर तो रस्ता मिटून घेतात. ही केबल कधीपासून अशी होती कुणास ठाऊक. मोठा स्विच ते पोर्ट गपचूप मिटून बसला होता आणि त्या टेबलावरचे क्लार्क भाऊसाहेब ‘आमच्याकडं इंटरनेट येतच नाही’ म्हणून वैतागत होते.

११.००

चीफ इंजिनियर साहेबांच्या केबिनमध्ये बैठक. कागदावर आखलं : दहा नंबरचा व्हीलॅन ऑफिसला, वीस काट्याला, तीस कॅमेऱ्यांना, पन्नास गेस्ट हाऊसच्या वायफायला, नव्व्याण्णव स्विचांच्या स्वतःच्या कारभाराला. रिकामी पोर्टं ९९९ मध्ये टाकून बंद. नंबर मनाला येईल तो देता येतो, १ ते ४०९४ पर्यंत, पण तीन महिन्यांनी रात्री दोनला आठवेल असाच द्यावा.

मी ‘चाळीस, मिल हाऊसचं कंट्रोल’ असं लिहायला लागलो तसा साहेबांनी हात वर केला.

“माझ्या डीसीएसला तुमची वायर लावायची नाही.”

“साहेब, रिपोर्ट पाहिजे म्हणून एम.डी. साहेबांनी...”

“रिपोर्ट मी पेन ड्राइव्हवर देतो. बॉयलरचं प्रेशर आणि कुणाचा तरी यूट्यूब एका डब्यात नको.”

मी चाळीस खोडला. वाद घालता आला असता. व्हीलॅन वेगळा म्हणजे वेगळाच, एकातलं दुसऱ्यात जात नाही, वगैरे. पण व्हीलॅन ही भिंत नव्हे, डब्यातल्या डब्यात मारलेली रेघ आहे आणि रेघ मारणारा माझ्यासारखाच एखादा ‘ॲड’ विसरणारा असतो. डीसीएस म्हणजे गिरणी आणि बॉयलर चालवणारी यंत्रणा; ती वेगळ्या तारेवर, वेगळ्या स्विचवर असावी हे मी स्वतः बोलायला हवं होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं.

दुपारी १२.००

भोंगा झाला. कँटीनमध्ये भाकरी, झुणका, कच्चा कांदा. पोरगा जेवताना विचारतो, “सर, टॅग टॅग म्हणतात तो नक्की असतो कुठं?”

त्याचा चुलता चिटबॉय आहे, त्यामुळं उदाहरण शोधावं लागलं नाही. फडात ऊस कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथं चिठ्ठीची गरज नाही. पण गाडी रस्त्याला लागली की बाकीच्या शंभर गाड्यांत मिसळते, म्हणून निघताना तिच्याबरोबर चिठ्ठी देतात : गट कुठला, शेतकऱ्याचा कोड काय. काट्यावर चिठ्ठी काढून घेतात. व्हीलॅनचं तेच. कॉम्प्युटर जिथं लागतो ते ॲक्सेस पोर्ट म्हणजे फड, तिथं टॅग नाही आणि कॉम्प्युटरला टॅगचा पत्ताही नसतो. दोन स्विचमधली तार म्हणजे ट्रंक, म्हणजे रस्ता. रस्त्याला लागताना स्विच प्रत्येक पाकिटाला चार बाइटची चिठ्ठी चिकटवतो, पलीकडचा स्विच ती वाचून काढून टाकतो. त्या चार बाइटांपैकी बारा बिट व्हीलॅनच्या नंबराला आणि तीन बिट ‘याला आधी सोडा’ हे सांगायला. ८०२.१क्यू नावाचं हे मानक १९९८ पासून आहे, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांची चिठ्ठी वाचू शकतात.

“आणि चिठ्ठी नसलेली गाडी रस्त्यावर आली तर?”

चांगला प्रश्न. तिला नेटिव्ह व्हीलॅनची समजतात आणि कुणी बदललं नसेल तर तो असतो एक नंबरचा. नवीन स्विच खोक्यातून निघतो तेव्हा त्याची सगळी पोर्टंही एकमध्येच असतात. त्यामुळं एक नंबरवर काहीही महत्त्वाचं ठेवायचं नाही. निनावी गाड्यांचा तळ आहे तो.

हे स्विच नावाचं यंत्र जिनं बाजारात आणलं त्या कंपनीचं नाव कल्पना. विनोद भारद्वाज संस्थापकांपैकी. १९९० मध्ये त्यांनी सात पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच विकायला काढला आणि १९९४ मध्ये सिस्कोनं ती कंपनी घेतली. पोराला हे सांगितलं तेव्हा त्याला टॅगपेक्षा हेच जास्त आवडलं. “कल्पना? आपलं कल्पना?”

१.००

ईडीपीतल्या मुख्य स्विचवर व्हीलॅन तयार करणं हे सगळ्यात कमी वेळाचं काम. नंबर, नाव, पुढचा. व्हीलॅन एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा गेटवे इथंच मुख्य स्विचवर ठेवला आणि कुणी कुणाशी बोलायचं याचे नियम लिहिले. काट्यानं फक्त सर्व्हरशी. कॅमेऱ्यांनी फक्त रेकॉर्डरशी. गेस्ट हाऊसनं बाहेरच्या जगाशी काय ते बोलावं, आत कुणाशीही नाही.

इथं एक गैरसमज नेहमी भेटतो. साहेब म्हणाले, “आता व्हीलॅन झाले म्हणजे कॅमेरे अडकणार नाहीत ना?” अडकतील. यार्डाकडची जोडणी जुन्या मीडिया कन्व्हर्टरवर होती, शंभर मेगाबिटची. त्यावर २४ कॅमेरे, एकेक चार मेगाबिटचा, गुणाकार ९६. पाइप तोंडापर्यंत भरलेला आणि त्याच पाइपातून काट्याची पावती जायची. व्हीलॅननं पाइप रुंद होत नाही, आतल्या पाण्याला रंग मिळतो एवढंच. म्हणून कन्व्हर्टर काढला आणि दोन्हीकडं गिगाबिटचे फायबर मॉड्यूल बसवले. तांब्याची तार शंभर मीटरला थकते, काटा इथून साडेतीनशे मीटर. फायबर आधीच ओढलेलं होतं म्हणून वाचलो. शिवाय ती ‘आधी सोडा’वाली तीन बिटं काट्याच्या पाकिटांना दिली.

२.००

आता कारभाराचं नेटवर्क. लोक व्हीलॅनवर दिवस घालवतात आणि हे शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात. माझा हिशोब उलटा आहे. व्हीलॅन चुकला तर एक विभाग बोंबलेल. स्विचचं दार चुकीच्या माणसाला उघडं राहिलं तर सगळे व्हीलॅन त्याचे. आणि आपल्यालाच बंद झालं तर साठ किलोमीटर.

इथले सगळे स्विच टेलनेटवर होते. “बदलायचं कशाला, चालतंय की,” असं साहेब म्हणायच्या बेतात होते, म्हणून लॅपटॉपवर तारेवरचं सगळं वाचून दाखवणारं वायरशार्क चालू केलं आणि त्यांनाच टेलनेटनं स्विचमध्ये जायला सांगितलं. त्यांनी माझ्याकडं पाठ करून पासवर्ड टाकला. मग मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. एकेक अक्षर, एकाखाली एक. कारखान्याचं नाव आणि पुढं १२३.

ते काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसले आणि पुढचा तासभर उठले नाहीत.

टेलनेट बंद, एसएसएच चालू, किल्ली २०४८ बिटांची. स्विचचे पत्ते एक नंबरमधून काढून नव्व्याण्णवमध्ये आणि तिथं शिरायची परवानगी ईडीपीतल्या दोनच मशीनना. एसएनएमपीचा परवलीचा शब्द खोक्यातून आला तसा ‘पब्लिक’ होता. तो उडवला, तिसरी आवृत्ती लावली. प्रत्येकाला आपलं स्वतःचं लॉगिन, म्हणजे बदल कुणी केला ते कळतं. साहेबांनी विचारलं, “माझ्याकडून चुकलं तर माझं नाव येणार?” येणार. माझंही येईल.

मग घड्याळ. साखर कारखान्यात काट्याइतका संशयाचा दुसरा डबा नाही. काटामारी हा शब्द इकडच्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. वैधमापनवाले येऊन काटा तपासून शिक्का मारतात तो वजनाचा. वेळेवर शिक्का मारणारं कुणी नाही. मी तीन घड्याळं शेजारी शेजारी लिहिली. काट्याच्या पावतीवर २ वाजून ३५ मिनिटं. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगवर २ वाजून ४२. स्विच १९९३ सालच्या मार्चमध्ये. उद्या कुणी शेतकरी म्हणाला, माझी गाडी रात्री दोन-दहाला आत गेली आणि वजन कमी लावलं, तर कॅमेऱ्यात दोन-दहाला भलत्याचीच गाडी दिसणार. खरं कोण हे कसं ठरवायचं? मुख्य स्विच बाहेरून वेळ घेईल आणि कारखान्यातली बाकी सगळी यंत्रं त्याच्याकडून. टाइमझोन ५ ३०; हे लिहायला विसरलं की सगळी नोंद साडेपाच तास मागं जाते आणि सकाळची पाळी आदल्या रात्रीत पडते. स्विचांची नोंदवहीसुद्धा ईडीपीतल्या सर्व्हरवर जमा व्हायला लावली, कारण स्विचच्या पोटात राहते ती वीज गेली की जाते.

४.१०

सगळ्यात शेवटी काटा. लांबचं टोक आधी, जवळचं नंतर, हा नियम. जवळचं आधी बदललं तर लांबच्यापर्यंत पोचायलाच उरत नाही. पोरगा शेजारी. मी ईडीपीतूनच काट्याच्या स्विचमध्ये शिरलो आणि पहिली कमांड दिली : ‘रीलोड इन ३०’. म्हणजे तीस मिनिटांनी तू आपणहून बंद होऊन चालू हो. मध्ये माझा हात सुटलाच तर अर्ध्या तासानं तो जुन्या सेटिंगसह उठेल. अट एकच, तोपर्यंत काही सेव्ह करायचं नाही. सेव्ह केलं की परतीची वाट बुजली. त्या साडेअकराच्या रात्री मला ही कमांड ठाऊक होती. वापरली नव्हती, पाच मिनिटांचं तर काम म्हणून.

पोर्टं वीसमध्ये घातली. ट्रंकवर परवानगी दिली. ‘ॲड’ शब्दावर बोट ठेवून पोराकडून मोठ्यानं वाचून घेतला. नवा पत्ता, नवा गेटवे. मग इकडचं टोक. दोन-तीन सेकंद सगळं गप्प, आणि पिंग यायला लागलं.

तेवढ्यात काटा सांभाळणाऱ्या तात्यांचा फोन. “अहो, काट्याचा प्रोग्राम उघडंना. वैधमापनची वजनं घेऊन गाडी उभी हाय काट्यावर.”

मी पळत गेलो. काट्याच्या मशीनला नवा पत्ता मिळाला होता, वजनाचा आकडा सिरीयल केबलनं इंडिकेटरमधून बरोबर येत होता, पण प्रोग्रामला सर्व्हर सापडत नव्हता. सर्व्हरचाही पत्ता आज बदललेला आणि कुणा प्रोग्रामरनं जुना पत्ता कुठल्याशा फाइलीत कोरून ठेवलेला. कुठली फाइल? सांगणारं कुणी नाही. फोल्डर उघडत, एकेक फाइल नोटपॅडमध्ये बघत गेलो. तात्या मागं उभे राहून गाडीवानाला सांगत होते, “झालं, झालं, आता झालं.” अकराव्या की बाराव्या फाइलीत जुना पत्ता दिसला. बदलला. प्रोग्राम उघडला. मग प्रिंटर, त्यालाही जुनाच पत्ता, त्याच्या बटणांवरून एकेक आकडा चढवत नेला. पावती निघाली. तात्यांनी ती फाडून उजेडात धरली, वजन वाचलं, मान हलवली.

फोन वाजला. पोरगा. “सर, इथं काळ्या स्क्रीनवर तीन चांदण्या आणि शटडाऊन इन झिरो पाच मिनिट असं काहीतरी आलंय.”

तीस मिनिटांचा टायमर मी लावून विसरलो होतो.

“लिही : रीलोड कॅन्सल. स्पेलिंग सांग.” त्यानं सांगितलं. “एंटर.”

“शटडाऊन अबॉर्टेड म्हणतंय.”

“आता लिही, राइट मेमरी.”

“ओके आलं.”

मी काट्याच्या पायरीवर बसलो. तात्यांनी पाणी दिलं. त्यांना काय घडता घडता राहिलं ते कळलं नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. दिवसभरात केलेली शहाणपणाची गोष्ट मीच साडेचार मिनिटांनी बुडवणार होतो. पोराला स्क्रीनवरचं वाचायची सवय होती म्हणून निभावलं.

६.००

बाकीच्यांची रांग. कॅमेरे एकेक करून तीस नंबरात आले. दोन आलेच नाहीत. शिडी लावून वर गेलो तर कनेक्टरमध्ये गंज. यार्डाच्या स्विचवर दर मिनिटाला एक तक्रार उमटत होती, नेटिव्ह व्हीलॅन जुळत नाही म्हणून. एका टोकाला बदलून दुसऱ्या टोकाला मी विसरलो होतो. स्विच ओरडून सांगतो हे बरं. माणसं मनात ठेवतात. थंबचं मशीन ऑफिसच्या व्हीलॅनमध्ये ठेवायचं की वेगळं, यावर टाइम ऑफिस आणि ईडीपी यांच्यात अर्धा तास चर्चा झाली. मी मधे पडलो नाही.

रात्री ८.१५

अकराही स्विचची नवी सेटिंग उतरवली, दोन प्रती. एक साहेबांकडं, एक सर्व्हरवर. स्वतःकडं प्रत ठेवली नाही. माझ्या फोनवर अवलंबून असलेला कारखाना मला नको आहे. उद्या मी फोन उचलला नाही तर? आधीच्या माणसानंही हेच केलं असतं तर माझी सकाळ वाचली असती.

मग प्रत्येक रॅकच्या दारावर आतून एक कागद : स्विचचं नाव, कारभाराचा पत्ता, कुठलं पोर्ट कुणाचं, वरची तार कुठून येते. पासवर्ड कागदावर नाही. तो लखोट्यात, सीलबंद, एम.डी. साहेबांच्या तिजोरीत. बाहेरून दुसरा छोटा कागद, त्यावर एकच ओळ, मार्करनं, मोठ्या अक्षरात. पोराचं अक्षर चांगलं आहे म्हणून त्याच्याकडूनच लिहून घेतली, अकरा वेळा.

निघताना टाइम ऑफिसच्या वहीत बाहेर पडल्याची वेळ टाकली, ८.५०. भिंतीवरच्या घड्याळात ८.५६ झाले होते. त्याला नेटवर्क नाही.

गाडी वळवताना दिव्यात काट्याचा रॅक दिसला, नवं पितळी कुलूप आणि वरचा कागद : ‘किल्ली टाइम ऑफिसात. दुसरी काटा केबिनमध्ये, कॅलेंडरच्या खिळ्याला.’